घनश्यामचं जाड अक्षर

'शाही' नावाचं अक्षर मी बनवलं, हे पयले सांगून ठेवतो. कारण दारव्ह्याची दोन दुकानं माह्यं अक्षर चोरून वापरून राह्यले आणि वरून गिऱ्हाइकाले सांगतात का हे पुण्याहून मागवलं. पुण्याहून कायचं, बोरी अरबच्या बस स्टँडसमोर, जफर प्रिंटर्सच्या मागच्या खोलीत, कूलरच्या आवाजात बनलं ते. कॉम्प्युटरवर एकेक अक्षर ओढता ओढता दोन उन्हाळे गेले माह्ये. चोरणाऱ्याचं काय जाते, पेन ड्राइव्ह लावला का झालं.

शाही म्हणजे जाड अक्षर, पण नुसतं जाड नाही. उभा काना एकदम भरदार अन् आडव्या, वाकड्या रेघा एकदम नाजूक. इंग्रजीच्या जुन्या पुस्तकात मोठ्या अक्षराइले खाली पावलं असतात ना, तशी छोटी पावलं मी मराठीच्या कान्याले बी लावली. जाड अन् बारीक याच्यात फरक जेवढा जास्त, तेवढा अक्षराले डौल जास्त. लग्नपत्रिकेवर नवरा-नवरीचं नाव शाहीत टाकलं का खालचे मामा-काके कोणी वाचत नाही. दुकानाची पाटी, तेरवीचं कार्ड, वाढदिवसाचा फ्लेक्स, सगळीकडे लोक म्हणतात, "जफरभाई, ते थाटाचं अक्षर टाका." मी टाकतो, पण एका कागदावर एकच नाव. सगळंच जाड केलं तं काहीच जाड दिसत नाही, हे लोकाइले सांगून सांगून माह्यी जीभ झिजली.

घनश्याम माह्या शाळेतला दोस्त. बोरीच्या वरच्या अंगाले त्याचं वावर हाये, कापूस अन् तूर. पण वावरावरून त्याले कोणी ओळखत नाही, आवाजावरून ओळखतात. संक्रांत झाली, कापूस घरी आला का आमच्या इकडे शंकरपट लागतात, बैलजोड्याइच्या शर्यती. मधात काही वर्षं कोर्टाची बंदी होती, ती उठली तसे पट पुन्हा जोरात सुरू झाले. त्या पटात मचाणावर उभं राहून जोड्या पुकारणारा माणूस म्हणजे घनश्याम. बैलाइची नावं, मालकाचं नाव, गाव, हाकणारा कोण, हे सगळं तो असं काही म्हणते का ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येते.

मालक लोक बैलाले वर्षभर सरकीची ढेप चारतात, ते धावासाठी तं चारतातच, पण त्या एका पुकाऱ्यासाठी बी चारतात. तिथं नाव चुकलं का भांडण झालंच समजा. एका पटात पुकारणाऱ्यानं एका जोडीचा मालक बदलून टाकला, तं त्या मालकाची माणसं माईकचं वायर तोडून घरी घेऊन गेलती. म्हणून आमच्या पटाचे अध्यक्ष हिरासिंग राठोड घनश्यामशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातात माईक देत नसत. त्याच्याकडून आजवर एक नाव चुकलं नव्हतं.

दिवाळीनंतर एका दुपारी घनश्याम दुकानात आला अन् आल्याबरोबर त्यानं शटर अर्धं खाली ओढलं.

"काहून बे, पोलीस मागं लागले काय?" मी म्हटलं.

"बस खाली," तो म्हणाला. "अन् कोणाले सांगजो नोको. भाभीले बी नाही."

मंग त्यानं सांगतलं. दोन्ही डोळ्याचे पडदे खराब झाले होते. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले होते का मोतीबिंदू असता तं काढून टाकला असता, पण या बिमारीत नजरेचं मधातलं जाते अन् कडेचं राहते. समोर माणूस उभा असला तं त्याचे कान दिसतात, तोंड नाही. डोळ्यात सुया घेऊन राह्यला होता. त्यानं गेलेलं परत येत नव्हतं, जाणं थोडं हळू होत होतं.

"माह्यं तोंड दिसते काय तुले?" मी इचारलं.

"नाही."

"नशीब काढलं."

तो हसला, मी बी हसलो. 

"गेल्या वर्षी बायकोकडून वाचून घेऊन नावं पाठ करून गेलतो," तो म्हणाला. "औंदा जोड्या लय हायेत, अन् अर्ध्याइची नावं त्याच दिवशी सकाळी येतात. तो यवतमाळचा इंद्रजित हाये ना, साउंडवाला, तो हिरासिंगभाऊच्या मागं लागला हाये का पुकारतो बी मीच. आवाज बरा हाये पोराचा. माह्या डोळ्याचं समजलं का माईक गेला समज. अन् माईक गेला तं मी काय राह्यलो बे? घरात एका कोपऱ्यात बसलेला आंधळा. मले माईक सोडाचा नाही."

"मंग मी काय करू?"

"तुह्यं ते जाड अक्षर हाये ना, शाही. त्याच्यात मले नावं छापून दे. मोठ्ठी."

एवढंच होय, म्हणून मी खूश झालो. लगेच एका कागदावर एक जोडी, अशी चार-पाच पानं शाहीत छापली. काळं कुळकुळीत, पानभर, पाहत राहावं असं. घनश्यामनं कागद हातात घेतला, मान वाकडी केली, कोंबडी दाणा पाहते तसा एका डोळ्याच्या कोपऱ्यातून पाह्यला. मंग दुसरीकडून पाह्यला.

"हे काय छापलं?" तो म्हणाला. "नुसते खांब हायेत. एक खांब, दोन खांब, तीन खांब. मधात काही हाये का नाही?"

"खांब कायचे? तुफान लिहेल हाये तिथं."

"मले खांब दिसून राह्यले."

"हे अक्षर सगळ्या तालुक्यात चालते," मी म्हटलं, जरा आवाज चढवूनच.

"तालुक्याले डोळे हायेत, जफऱ्या."

असा राग आला मले. अरे, ज्या बारीक रेघांसाठी माह्ये दोन उन्हाळे गेले, त्याच याले दिसत नव्हत्या. जाड काने तेवढे दिसत होते अन् त्याइले जोडणारं सगळं गायब. तो गेला अन् मी दोन दिवस त्याचा फोन उचलला नाही. मंग मलेच लाज वाटली. माणसाचे डोळे चालले अन् मी रेघाइसाठी रुसून बसलो, हे काही बरं नव्हतं.

मी शाहीची एक कॉपी केली अन् बारीक रेघा जाड करायले घेतल्या. जाड केल्या तशी अक्षराची पोटं, म्हणजे आतली मोकळी जागा, बुजली. 'ब' अन् 'व' सारखे दिसू लागले, 'ष' चा तं नुसता डाग झाला. मंग पोटं मोठी करायले अक्षरं रुंद केली. रुंद केली तं ती एकमेकाइले चिकटली, म्हणून मधात जागा सोडली. डोक्यावरची रेघ एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर जाते, त्यानं घनश्यामले सगळं एकच गाठोडं दिसे, तं ती रेघ बी मी अक्षराअक्षराले तोडली. एकेक कागद छापाचा, शटर अर्धं ओढाचं, घनश्यामनं मान वाकडी करून पाहाचं अन् नापास कराचं, असं चाललं. शाळेत हा गणितात नापास होत होता, त्याचा बदला घेऊन राह्यला असं मले वाटे.

शेवटी मी म्हटलं, आता एवढं धडधाकट झालंच हाये तं खालची पावलं बी काढून टाकतो, उगाच नखरा कायले. पावलं काढून छापलं. घनश्यामनं लगेच मान हलवली.

"पावलं कुठं गेली?"

"काढली."

"लाव परत. पावलाइवरून तं समजते मले का अक्षर कुठं संपलं. नाहीतं ते कागदात बुडून जाते."

हे ऐकून मले किती बरं वाटलं म्हणून सांगू. पावलं मी निव्वळ शोभेसाठी लावली होती, अन् आंधळं होत चाललेल्या माणसाले तीच उपयोगी पडली. पावलं परत लावली, उलट थोडी मोठी केली. त्या कागदावर घनश्याम थांबला. मान एकीकडे, मंग दुसरीकडे, अन् मंग पटाच्या आवाजात, दुकानातल्या दुकानात: "तुफान अन् लख्या, गाव बोरी अरब." शटरच्या बाहेर उभा असलेला चहावाला वाकून आत पाहू लागला.

अक्षर म्हणून पाह्यलं तं ते बेकार होतं. डौल गेला, नखरा गेला, शाहीची पार म्हैस झाली. चिखलातून उठून आलेली. मी फाइलले नाव देल्लं 'घनश्याम'. दुसरं काय देणार?

बायकोपासून लपवलं होतं, पण एकाच घरात किती लपवणार. जैबुनबी चहा घेऊन आली, स्क्रीनवर पाह्यलं अन् म्हणाली, "ये भैंस किसकी है?" घरात आम्ही हिंदीच बोलतो. मी म्हटलं, एका गिऱ्हाइकाची. तिनं सगळी अक्षरं वरून खालपर्यंत पाह्यली. "अंक कायको छोड दिये?" तिनं इचारलं. मी म्हटलं, "अंक का क्या काम? उसको नाम पढने हैं." ती कप ठेवून गेली. अंक बनवणं तसंही कंटाळ्याचं काम असते.

पटाच्या दिवशी मी लॅपटॉप अन् प्रिंटर घेऊन मचाणाखालीच टेबल लावलं. हिरासिंगभाऊले सांगतलं का औंदा नावं मी छापून देतो, दुकानाची जाहिरात होईन. त्याइले काय, बरंच वाटलं. इंद्रजितनं त्याच्या जनरेटरवरून मले कनेक्शन बी देल्लं. पोरगं चांगलं होतं, माह्याच मनात त्याच्याबद्दल खोट होती. सकाळी नावं येत गेली, मी 'घनश्याम'मध्ये छापत गेलो, कागद वर जात गेले. गावोगावची माणसं धावपट्टीच्या दोन्ही बाजूले दाटली होती, काही तं बाभळीवर चढून बसले होते.

पयली जोडी लागली. मी खालून वर पाहत होतो. घनश्यामनं कागद जरा बाजूले धरला, मान वाकडी केली. लोकाइले वाटलं असंन का ही त्याची ऐट हाये. अन् मंग पुकारलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बैलाइची नावं त्याच्या तोंडून निघाली अन् लोकाइनं टोप्या उडवल्या. माह्या डोळ्यात पाणी आलं, मी प्रिंटरमधे कागद घालाच्या निमित्तानं खाली वाकलो. माह्यी म्हैस चालली होती.

झेंडी पडली, जोडी धावली, धूळ उडाली, जोडी पार झाली. अन् मंग सगळे मचाणाकडे पाहू लागले.

सेकंद. सेकंद कोण सांगीन?

गेल्या वर्षीपर्यंत आमच्या पटात एक म्हातारे घड्याळवाले होते. ते हातातलं घड्याळ घेऊन मचाणापाशी येत अन् वरडून सेकंद सांगत, घनश्याम ते माईकवर म्हणे. औंदा कमिटीनं नवं यंत्र आणलं होतं. तिकडं टोकावर बसलेला माणूस यंत्रातला आकडा पांढऱ्या बोर्डावर मार्करनं लिहे अन् बोर्ड डोक्यावर धरे. घनश्यामले हे माहीत नव्हतं, मले नव्हतं. आम्ही दोघं दोन महिने नावाइच्या मागं लागलो होतो. पट म्हणजे नाव, एवढंच आमच्या डोक्यात. जोडी जिंकते ते सेकंदानं, हे दोघाइच्या बी ध्यानात आलं नाही. अंकाचं जैबुनबीनं इचारलं होतं.

बोर्ड वर होता. मले साफ दिसत होता, सात पॉइंट अठरा. घनश्यामनं मान इकडून वाकडी केली, तिकडून केली. तो काहीतरी ठोकून देऊ शकला असता. साताच्या आसपास बोलला असता तं निम्म्या लोकाइले समजलं बी नसतं. पण त्यानं ठोकलं नाही. दुसऱ्याच्या जोडीचा आकडा होता तो. माईक हातात धरून उभा राह्यला अन् एवढ्या मोठ्या मैदानात आवाज बंद झाला. फक्त जनरेटर चालू.

मले त्यानं कसम घातली होती, कोणाले सांगजो नोको. मी वरडलो तं सगळ्याइले समजणार, नाही वरडलो तं तो तसाच उभा राहणार. हिरासिंगभाऊ खुर्चीवरून उठले. इंद्रजित मचाणाच्या शिडीपाशी आला. त्याले शिडीवर पाय ठेवताना पाह्यलं अन् माह्यं डोकं फिरलं.

"सात पॉइंट अठरा," मी बोंबललो. माह्या आवाजाबद्दल काय सांगू, रिकामा डबा गोट्यावर घासल्यासारखा हाये. सगळे माह्याकडे पाहू लागले. घनश्याम बी आवाजाच्या दिशेनं वळला, बराच वेळ तसाच पाहत राह्यला. माह्ये कान तेवढे दिसले असतीन त्याले.

मंग त्यानं माईक तोंडाशी नेला.

"सात पॉइंट अठरा," तो म्हणाला. "सांगणारा जफर प्रिंटर. मंडळी, बोर्डावरचा आकडा मले दिसून नाही राह्यला. माह्ये डोळे चालले. नावं मी वाचतो, कारण जफरनं मले वाचता येईन असं अक्षर करून देल्लं. आकडे करायचे राहून गेले. आता कोणाले माह्या तोंडून नाव नको असंन तं आत्ताच सांगा, मी खाली उतरतो."

 मंग दुसऱ्या नंबरले धावणाऱ्या जोडीचा मालक, पांढरकवड्याकडून टेम्पोत बैल घेऊन आलेला एक म्हातारा, तिथूनच म्हणाला, "उतरतो काय, माह्या बैलाइचं नाव कोण घेईन? एवढ्या दूर कायले आलो मी?" लोक हसले. इंद्रजित शिडी चढून वर गेला नाही. तो त्याच्या गाडीकडे गेला, दुसरा माईक काढला अन् माह्या हातात आणून देल्ला.

दिवसभर नावं घनश्यामनं पुकारली अन् सेकंद मी. माह्या आवाजावर पोट्टे शिट्ट्या मारत होते. मारू देल्ल्या.

पट संपल्यावर आम्ही मचाणाखाली बसलो होतो. हिरासिंगभाऊ आले.

"घनश्याम, मले सांगाले नाही पायजे होतं काय?"

"सांगतलं असतं तं तुमी माईक काढून घेतला असता."

हिरासिंगभाऊ खोटं बोलणारा माणूस नाही. त्याइनं टोपी काढली, डोकं खाजवलं. "घेतला असता," ते म्हणाले. मंग टेबलावरचा एक कागद उचलला, हात लांब करून पाह्यला. "हे अक्षर कोणतं हाये जफर? मले बिना चष्म्याचं वाचता येऊन राह्यलं. माह्या बीपीच्या गोळ्याइच्या डब्यावर असं लिहून देशीन काय? सकाळची कोणती अन् रातची कोणती, समजत नाही मले."

तिथून ते सुरू झालं. गोळ्याइचे डबे झाले. भजनी मंडळाच्या म्हाताऱ्याइले अभंग छापून पायजेत. मशिदीतल्या बुजुर्गाइले नमाजाच्या वेळाइचा तक्ता पायजे. माह्या मामूले मोबाइल नंबराइची यादी पायजे, नातवाचं नाव सगळ्यात वर. थाटाचं अक्षर मागणारे येतातच, पण म्हातारे येतात अन् म्हणतात, "ते घनश्यामचं टाक." अंक बी बनवले मी, दुसऱ्याच दिवशी, सगळे दहाच्या दहा. तीन अन् सहा वेगळे दिसावे म्हणून रडकुंडीले आलो, पण बनवले. आता बोर्डावर मार्करनं कोणी लिहीत नाही, माह्ये छापलेले आकडे लावून बोर्ड वर धरतात. जैबुनबी ते पाहाले पटात आली होती. माह्याकडे पाहून तिनं नुसत्या भुवया उडवल्या.

ही दोन वर्षांमागची गोष्ट. दारव्ह्याच्या त्या दोन दुकानाइनं 'घनश्याम' बी चोरलं. पण त्याइच्याकडे हाये ते पयलं. घनश्याम दर दोन-तीन महिन्यानं येते, शटर आता ओढत नाही. मी एक जोडी छापून देतो, तो मान वाकडी करते, अन् म्हणते, "जरासं अजून." मंग मी रेघ केसभर जाड करतो, पोट केसभर उघडतो, अन् नवी फाइल ठेवतो. घनश्याम दोन, घनश्याम तीन, अशा त्या एकाखाली एक जमल्या हायेत. त्याचे डोळे किती गेले हे डॉक्टरले मशीन लावून पाहा लागते, मले त्या फाइली उघडल्या का समजते. कधीकधी कोणी नसताना उघडतो मी, अन् लय वाईट वाटते.

गेल्या आठवड्यात आला. मी छापून देल्लं. त्यानं पाह्यलं, कागद परत देल्ला. मी अजून जाड केलं. पुन्हा पाह्यलं. तिसऱ्या खेपेले नाव वाचलं, अडखळत.

"जफऱ्या, हे अजून किती जाड होते?"

"होते अजून थोडं," मी म्हटलं. "पोट बुजेपर्यंत. मंग नुसता काळा ठोकळा."

"मंग?"

"मंग मी तुह्या मागं उभा राहून कानात वाचीन. तू बोल."

"तुह्या आवाजात?"

"कानातच सांगतो ना बे."

त्यानं थोडा इचार केला, कागदाची घडी केली, खिशात ठेवली. "चालीन," तो म्हणाला. "पण तवर तू जाड करत राह्य."